पत्र्याखालची बाटली : उन्हाळ्यात कीटकनाशकाचे काय होते?

बुद्धपौर्णिमा जवळ आली की घराघरांत साफसफाई सुरू होते. भिंतींना रंग लागतो, गाद्या-गोधड्या उन्हात पडतात, ढेकूण आणि झुरळांवर औषध मारायचे ठरते. मग कोणीतरी वरच्या फळीवर हात घालतो आणि मागच्या हंगामातली अर्धी बाटली खाली काढतो. कपाशीवर मारून उरलेले औषध, नाहीतर डासांच्या स्प्रेचा अर्धा डबा. "आहे ना घरात, मग नवीन कशाला आणायचे?" असे घरातली मोठी माणसे म्हणतात. हातावर पोट असलेल्या घरात हा प्रश्न रास्तच आहे.

पण ती बाटली पत्र्याला लागून अख्खा उन्हाळा काढून आलेली असते. आपल्या जिल्ह्यात घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकरकडे रात्री तरी थोडा गारवा असतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि दिवसेंदिवस तिथेच राहतो. हे तापमान सावलीतले, मोकळ्या हवेतले. पत्र्याच्या घरात, छपराजवळच्या फळीवर, दुपारी दोन वाजता किती असेल याचा अंदाज तिथे हात लावून पाहणाऱ्याला येतोच.

एवढ्या उष्णतेत औषधाचे काय होते? ते टिकते की बिघडते? आणि बिघडले तर ते फक्त बिनकामाचे होते, की अधिक घातक? या अंकात त्याबद्दल बोलू या.

कारखान्यातली परीक्षा

कीटकनाशक बाजारात आणण्याआधी ते उष्णतेत टिकते की नाही हे तपासावे लागते. आपल्या देशात कीटकनाशकांसाठी १९६८ चा कायदा आणि १९७१ चे नियम आहेत. नोंदणी देणारे केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती फरिदाबादला आहे. नोंदणी मागणाऱ्या कंपनीला इतर माहितीबरोबर औषध साठवणुकीत किती काळ टिकते याचेही पुरावे द्यावे लागतात.

यातली सर्वात प्रसिद्ध चाचणी जगभर जवळपास सारखीच आहे. औषधाचा नमुना बंद बाटलीत घालून ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या कपाटात १४ दिवस ठेवतात. नंतर बाहेर काढून पुन्हा तपासतात. कीड मारणारा मूळ घटक किती उरला? जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या मानकांत साधारण अट अशी असते की तो आधीच्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी होऊ नये. पाण्यात टाकल्यावर औषध नीट मिसळते का, भुकटीचे गोळे झाले का, नको ते नवे पदार्थ तयार झाले का, हेही पाहतात.

५४ अंशच का? कारण उष्णता वाढली की रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. ढोबळ हिशेब असा सांगतात की दर १० अंशांना वेग सुमारे दुप्पट होतो. उन्हाळ्यात दूध लवकर नासते, हिवाळ्यात टिकते, तसेच हे. म्हणून दोन वर्षांत जे घडायचे ते कडक उष्णतेत दोन आठवड्यांत घडवून पाहायचे, असा या चाचणीचा हेतू. ५४ अंश ज्या औषधाला सोसणार नाहीत त्याच्यासाठी याच पद्धतीत इतर पर्याय आहेत : ५० अंशाला ४ आठवडे, ४५ अंशाला ६ आठवडे, ४० अंशाला ८ आठवडे.

हा शेवटचा आकडा नीट पाहा. ४० अंश, ८ आठवडे. म्हणजे आपला एप्रिल आणि मे! आपल्याकडे रात्री तापमान उतरते, त्यामुळे घरातली फळी आणि प्रयोगशाळेतले कपाट अगदी सारखे नाही. तरी एवढे लक्षात येते की कारखान्यात औषधाची जी कठीण परीक्षा एकदा होते, तिच्या जवळपास जाणारी परीक्षा आपल्या पत्र्याखाली दर उन्हाळ्यात होते.

आणखी एक फरक. कारखान्यातली परीक्षा नव्या, सीलबंद बाटलीची असते. आपल्याकडची बाटली उघडलेली, अर्धी रिकामी, हवा आणि ओल शिरलेली असते. लेबलावरची दोन वर्षांची मुदत सीलबंद आणि सांगितल्याप्रमाणे थंड, कोरड्या जागी ठेवलेल्या मालासाठी धरलेली असते. तेव्हा मुदतीची तारीख पुढची आहे म्हणून फळीवरचे औषध चांगले आहे असे समजू नये.

उष्णतेने तीन प्रकारे नुकसान होते

पहिला प्रकार म्हणजे औषध कमजोर होणे. मूळ घटक हळूहळू तुटतो. निंबोळीपासून बनवलेली औषधे, त्यांतला ॲझाडिरॅक्टिन हा घटक, ऊन आणि उष्णता दोन्हींत लवकर खराब होतो. म्हणून निंबोळी अर्क ताजा करून संध्याकाळी फवारायचा असतो. ट्रायकोडर्मासारखी बुरशी किंवा डासांच्या अळ्या मारणारे जिवाणू असलेली जैविक औषधे तर जिवंत असतात. ती तापलेल्या खोलीत ठेवली की जंतू मरतात आणि हाती नुसती भुकटी उरते. औषध कमजोर झाले की आपण मात्रा वाढवतो, दोन वेळा मारतो. किडी मरत नाहीत, श्वासावाटे विष मात्र आपल्याच मुलांच्या पोटात जाते.

दुसरा प्रकार म्हणजे बाटली-डब्याचा धोका. डासांच्या, झुरळांच्या दाबाच्या स्प्रेवर ५० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नये असे छापलेले असते. भरलेले डबे कारखान्यात गरम पाण्याच्या हौदातून काढून गळती आणि दाब तपासण्याची पद्धत आहे. पण चुलीशेजारी, गॅसच्या शेगडीजवळ, पत्र्याला चिकटून किंवा उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवलेला डबा ती मर्यादा ओलांडू शकतो. आतला वायू जळणारा असतो. रिकामा वाटणारा डबाही चुलीत टाकला तर फुटतो. शेतीच्या अनेक पातळ औषधांतही रॉकेलसारखे पेट घेणारे द्रावण असते. तापलेल्या बंद खोलीत त्याची वाफ साठते. एकाच खोलीत चूल, अंथरूण आणि औषध असेल तर हा धोका दुहेरी आहे.

तिसरा प्रकार सर्वात वाईट : औषध अधिक विषारी होणे. हे ऐकायला विचित्र वाटते, पण घडलेले आहे.

१९७६ : पाकिस्तानातील मॅलॅथिऑन

१९७६ सालची गोष्ट. पाकिस्तानात हिवताप निर्मूलनासाठी घराघरांत मॅलॅथिऑनची फवारणी चालू होती. सुमारे ७,५०० कामगार या कामावर होते. मॅलॅथिऑन हे त्या गटातले तुलनेने सौम्य समजले जाणारे औषध. तरीही त्या हंगामात सुमारे २,८०० कामगारांना विषबाधा झाली आणि पाच जण दगावले.

तपासात कारण सापडले. भुकटीच्या स्वरूपातले हे औषध गरम हवामानात साठवले गेले होते. काही कंपन्यांच्या मालात वापरलेल्या भरीच्या पदार्थांमुळे आणि उष्णतेमुळे मॅलॅथिऑनचा काही भाग आयसोमॅलॅथिऑन या दुसऱ्या पदार्थात बदलला होता. ज्या मालात हा पदार्थ जास्त, तो हाताळणारे जास्त आजारी पडले.

आयसोमॅलॅथिऑन घातक का? माणसाच्या शरीरात मॅलॅथिऑन तोडून निकामी करणारे रसायन असते. म्हणून ते कीटकाला मारते, पण माणसाला तुलनेने सोसते. आयसोमॅलॅथिऑन नेमके हे संरक्षक रसायनच अडवते. मग उरलेले साधे मॅलॅथिऑनसुद्धा शरीरात तुटत नाही आणि नसांवर हल्ला करते. पहारेकऱ्याचेच हात बांधले, तर घर किती वेळ सुरक्षित राहील?

त्यात भर म्हणजे कामगार हाताने भुकटी ढवळत होते, अंगावरचे कपडे भिजलेले राहत होते, धुण्याची सोय नव्हती. दोषी माल थांबवला आणि कामाच्या पद्धती सुधारल्या तेव्हा बाधा आटोक्यात आली. यानंतर मॅलॅथिऑनच्या मानकांत आयसोमॅलॅथिऑनला मर्यादा आली आणि उष्णतेत साठवल्यानंतरही ती मर्यादा ओलांडू नये असे तपासले जाऊ लागले. ५४ अंशांची परीक्षा काय काम करते, हे यावरून कळते. ती केवळ औषध टिकते की नाही हे सांगत नाही, ते बदलून आणखी घातक होते का हेही दाखवते.

मॅलॅथिऑन आपल्याला अनोळखी नाही. आपल्या देशात हिवतापाच्या घरफवारणीत ते वापरले गेले आहे, आणि डेंग्यूच्या काळात होणाऱ्या धूरफवारणीतही वापरतात. ते हाताळणारे हंगामी कामगार अनेकदा आपल्याच बस्तीतले असतात. म्हणून नगरपालिकेचे किंवा आरोग्य विभागाचे पथक आले की दोन साधे प्रश्न विचारायला हरकत नाही : औषधाची मुदत कोणती, आणि ते कुठे साठवले होते? उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात लेखी विचारता येते.

फवारणीला जाणाऱ्यांसाठी

उष्णता साठवणुकीत जशी घात करते तशी फवारताना करते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. तिथे चर्चा प्रामुख्याने फवारणीच्या पद्धतीची झाली : डोक्याएवढी उंच वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांचे मिश्रण, अंगावर संरक्षणाचे काही नाही, आणि दमट उकाडा. घामाने ओल्या झालेल्या, तापलेल्या कातडीतून विष लवकर आत शिरते. उकाड्यात मास्क आणि हातमोजे नकोसे होतात आणि आपण ते काढून टाकतो.

म्हणून फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वाऱ्याकडे पाठ करून करावी. दुपारच्या उन्हात मालकाने सांगितले तरी नाही म्हणावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, नाका-तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा ही साधने मालकाकडे मागावीत. मजुराचा तो हक्क आहे, उपकार नाही. औषध काठीने ढवळावे, हाताने कधीही नाही. पंपाचे नोझल तोंडाने फुंकू नये. पाण्यात टाकल्यावर औषध नेहमीसारखे दुधाळ न होता वर तेल तरंगले, खाली गाळ बसला किंवा गोळे राहिले, तर माल बिघडलेला असू शकतो. तो वापरू नये. घरी आल्यावर आधी साबणाने अंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत, मग लेकराला उचलावे.

घरात काय करावे?

पहिली गोष्ट : आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे. एका घरात जे धान्य आणि भाकरीजवळ ठेवता येत नाही, ते लेकरांच्या हाताला लागेल असेही ठेवता येत नाही.

लागेल तेवढेच घ्यावे. मोठी बाटली स्वस्त पडते, पण उरलेली अर्धी एक उन्हाळा काढणार असेल तर ती स्वस्त नाही. लहान पॅक घ्यावा किंवा दोन-तीन घरांनी मिळून घेऊन एका दिवसात संपवावा.

घेताना लेबल पाहावे. बनवल्याची व मुदतीची तारीख, बॅच क्रमांक आणि रंगीत त्रिकोण पाहावा. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि सर्वात कमी हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचे शेतीचे औषध ढेकूण-झुरळांसाठी घरात कधीच वापरू नये. पक्के बिल मागावे. मुदत संपलेला माल वेगळा काढून तसे लिहून ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. दुकानाबाहेर उन्हात मांडलेला डबा घेऊ नये. माल संशयास्पद वाटला तर तालुका कृषी कार्यालयात किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात तक्रार करता येते. तिथले कीटकनाशक निरीक्षक नमुना घेऊन तपासणीला पाठवू शकतात.

ठेवायचेच असेल तर पत्र्यापासून दूर, खाली पण मुलांपासून कुलपात, सावलीच्या भिंतीला, चूल आणि झोपण्याच्या जागेपासून लांब ठेवावे. मूळ बाटलीतच ठेवावे. दारूच्या, थंड पेयाच्या बाटलीत ओतू नये. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या माध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले होते. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी तो तेल-पाण्यासाठी वापरायचा नाही, हे त्या मुलांनी आपल्याला शिकवले आहे. रिकामी बाटली तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपात टाकावे, बाटलीला भोक पाडावे.

फळीवर आधीच जुनी बाटली असेल तर? ती नाल्यात, विहिरीजवळ ओतू नये, जाळू नये. झाकण घट्ट करून घराबाहेर बंदोबस्तात ठेवावी आणि विक्रेत्याला व कृषी कार्यालयाला विचारावे. एकट्याने विचारले तर दुर्लक्ष होते. विहारात रविवारी जमल्यावर बस्तीतल्या सगळ्या जुन्या बाटल्यांची यादी करून एकत्र अर्ज द्यावा.

औषध लावलेली मच्छरदाणी मिळाली असेल तर तिला उन्हात वाळवू नये. ऊन तिच्यावरचे औषध कमी करते. साध्या साबणाने हलके धुवून सावलीत वाळवावी.

विषबाधा झाली तर

डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, तोंडाला लाळ, खूप घाम, मळमळ, उलटी, छातीत कोंडणे, स्नायू फडफडणे ही मॅलॅथिऑनच्या गटातल्या औषधांची लक्षणे आहेत. उन्हात काम केल्यामुळे चक्कर आली असेल असे समजून घरी झोपवू नये. माणसाला मोकळ्या हवेत आणावे, भिजलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे. धुणाऱ्यानेही हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला घालावी. जबरदस्तीने उलटी करवू नये, दूध-तूप-मीठपाणी पाजू नये. शुद्ध हरपत असेल तर एका कुशीवर ठेवावे. १०८ वर फोन करावा आणि बाटली किंवा तिचे लेबल दवाखान्यात बरोबर न्यावे. डॉक्टर कोणता उतारा द्यायचा हे लेबलावरून लवकर ठरवू शकतात. ॲट्रोपिनसारखे उतारे वेळेत मिळाले तर माणूस वाचतो.

उष्णतेने न बिघडणारे उपाय

शेवटी एक साधी गोष्ट. आपल्याकडे नळाला अनेक दिवसांनी पाणी येते, म्हणून ड्रम, रांजण, टाक्या भरून ठेवाव्या लागतात. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी होऊनही काही महिने जिवंत राहतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी रिकामी करून कडा घासाव्यात. जे रिकामे करता येत नाही त्याला कापड बांधावे, मोठ्या टाक्यांत आरोग्य केंद्राकडून गप्पी मासे मागवून सोडावेत. ढेकणांसाठी बाज उकळत्या पाण्याने धुवावी, फटी बुजवाव्यात. झुरळांसाठी रात्री खरकटे ठेवू नये.

झाकणाला मुदतीची तारीख नसते, घासणीला ५४ अंशांची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि कापड पत्र्याखाली तापून विष बनत नाही. विषाची गरज जितकी कमी, तितकी ती फळी रिकामी राहील. या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या साफसफाईत पहिला हात त्या फळीवर घालू या.